तीन मिलिमीटर आणि नर्सबेनचा गुडघा

मित्रांनो, पायडल मारताना ते कुठल्या दांड्याला लावलंय, त्याचं नाव कधी विचारता का? ती मी. क्रँक. दोन दांडे आणि एक दातेरी चेनव्हील, एवढाच माझा संसार. वय सतरा. सायकलींच्या जगात या वयाला पणजी म्हणतात.

पण माझी मिजास काय सांगू! एकदा दुधनीच्या उतारावर आमची सायकल अशी सुटली, की आमची सावली मागेच राहिली. आम्ही खाली पोचून पाणी प्यायलो, तेव्हा कुठे ती धापा टाकत आली. खोटं वाटतं? मधुबन धरणाच्या माशांना विचारा. एकही माझ्याविरुद्ध बोलणार नाही.

मला फिरवायची अश्विनी. आरोग्य केंद्रातली नर्स. लशींचा डबा मागे बांधून ती दुधनीच्या वरच्या पाड्यांवर जायची. तिथे नुसती पायवाट, स्कूटर चढत नाही. पहिल्या वर्षी तिला बघून बाया पोरांना काखोटीला मारून शेतात पळायच्या. आता तीच पोरं "नर्सबेन, नर्सबेन" करत सायकल ढकलायला धावतात.

मग एका पावसाळ्यात दोघी घसरलो. सायकलची फ्रेम तडकली, अश्विनीचा गुडघा फाटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण गुडघा फार दुमडू नका. केंद्राचे साहेब म्हणाले, "सोमवारी पाडा जमला तर ठीक, नाहीतर टेबलावर बसा. दुसरी कोणी जाईल." दुसरी! म्हणजे बाया परत शेतात.

अश्विनीने नवी फ्रेम आणली. तिच्यावर नवी क्रँक बसली असती, पण नव्यांचे दांडे लांब. माझे आखूड. आखूड दांड्यावर गुडघा कमी दुमडतो. म्हणून मी पाहिजे. आणि मी? चार महिने पिशवीत पडून माझे बेअरिंग खाजत होते!

शनिवारी ती मला सुकदेवकडे घेऊन गेली. सुकदेव शहाद्याचा, दादऱ्याच्या सुताच्या कंपनीत फिटर, सुट्टीला अंगणात सायकली दुरुस्त करतो.

"बेन, टेन्शन नको," तो म्हणाला. "साठ मशिनी माझ्या हाताखाली फिरतात."

"म्हणून डोकंही फिरलंय," त्याची बायको मालती भाजी निवडता निवडता बोलली.

त्याने मला बसवलं आणि फिरवलं. खट! माझे दात फ्रेमवर आपटले. नव्या फ्रेमचं मागचं चाक रुंद, त्यासाठी मागच्या नळ्या फाकवलेल्या. माझं चेनव्हील बरोबर त्यांच्या आड येत होतं. सुकदेवने व्हर्निअर लावून मोजलं. चेन सरळ यायला चेनव्हील तीन मिलिमीटर बाहेर हवं.

मग त्याने चेनव्हील माझ्या पंजाच्या, म्हणजे ते धरणाऱ्या माझ्या बोटांच्या, बाहेरच्या बाजूने धरलं, मोजून वायसरच्या चकत्या घातल्या, बोल्ट आवळले. मला गरागरा फिरवलं. आवाज नाही, घासणं नाही.

"नो-लोड ट्रायल पास!" त्याने हात झटकले. अश्विनी निघाली. मी इतकी खुश, की किलवणीपर्यंत एका दमात जाऊन यावं म्हटलं. पण पहिल्याच चढाला तिने जोर लावला आणि कर्र... कर्र... प्रत्येक फेरीला माझा दात नवी फ्रेम खरवडायला लागला. मी थांबू कशी? ती दाबते, मी फिरते. फिरले की चावते.

ती सायकल ढकलत परत आली. डोळे भरलेले. सुकदेवने रिकामं फिरवलं. आवाज नाही!

"मशीन ओके आहे," तो कुरकुरला. "बेन, नवीनच घ्या तुम्ही."

मालतीने भाजीची परात खाली आदळली. "अहो, तुमच्या मशिनीवर कोणी बसतं का? सायकलवर माणूस बसतं! बसवा तिला, मग बघा!"

सुकदेवने अश्विनीला सायकलवर बसवलं, ब्रेक दाबायला लावला, स्वतः खाली आडवा झाला. "आता चढावर दाबता तसं दाबा." तिने दाबलं. भार पडला तशी फ्रेम किंचित वाकली, मीही वाकले आणि उरलेली फट गडप!

"अरे देवा," तो खालूनच म्हणाला.

छत्तीस दात्यांचं चेनव्हील उतरवून त्याने बत्तीसचं चढवलं. घेर लहान, म्हणून फट मोठी. चेनही थोडी आखूड केली. यावेळी अश्विनी वर, सुकदेव खाली, आणि मालती कान लावून. दाबलं, परत दाबलं. काही नाही.

"सपाटीवर वेग कमी पडेल," सुकदेव ओशाळून म्हणाला.

"मला सपाटीवर जायचंच नाहीये," अश्विनी म्हणाली.

मित्रांनो, जुनी वस्तू बसत नाही म्हणून भंगारात टाकू नका. किती अडतंय ते आधी मोजा. आणि बसली तर रिकामी फिरवून टाळ्या पिटू नका. तुमचा सगळा भार टाका, मग कान द्या. महिन्यातून एकदा माझे बोल्ट आवळलेत तर तुमच्या नातवंडांनाही चढवीन. ही थाप नाही.

आज सोमवार. वर पाड्यावर एक बाई बाळ घेऊन दारात उभी आहे, पळत नाहीये. अश्विनी सीटवरून उठली, सगळा भार माझ्यावर आला. गप्पा मारायची फुरसत मला उतारावर असते. हा चढ आहे. सरका बाजूला!