बर्फावरचं खोबरेल

मी एक लाकडी स्टिक बोलतेय, बर्फावरच्या हॉकीची. मस्कतमधल्या अल हैलच्या या फ्लॅटमध्ये दारामागे केरसुणीला खेटून उभी आहे. केरसुणीला निदान रोज काम तरी असतं.

माझा जन्म कॅनडातला म्हणे, पण मला आठवतं ते मस्कतच. तेल कंपनीतल्या एका साहेबाने मला इथे आणलं आणि बदली होताच इथल्या बर्फाच्या रिंकवर विसरून गेला. तिथे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी शरीफ चालवायचा, मूळचा हर्णैचा. "ले जाओ, खलास," असं त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, म्हणाला आणि २०१२ साली मी शरीफच्या लेकीची झाले. सना तेव्हा बारा वर्षांची होती. मी तिला उंच व्हायचे, म्हणून शरीफने मला करवतीने वीतभर कापलं. कापताना माझ्यापेक्षा त्याचाच जीव खालीवर होत होता.

सना डिफेन्सला खेळायची. गोल करणाऱ्याचं नाव होतं, डिफेन्सवाल्याची आठवण मात्र गोल बसल्यावरच येते. सनाला त्याचं काही वाटायचं नाही. किती सुखाचे दिवस होते ते! शाळा सुटली की रिंक, आणि परतताना गाडीत मी मायलेकींच्या मांडीवर आडवी.

ती दहावीला असताना दुबईहून रमण नावाचा माणूस मुली पारखायला आला. तिथल्या मुलींच्या लीगचा ड्राफ्ट होता, म्हणजे संघ आळीपाळीने एकेक खेळाडू निवडून घेणार होते. नाव लागलं तर सना मामीकडे दुबईला राहून शिकणार आणि खेळणार. नाही लागलं तर दापोलीचं कॉलेज, आणि बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर.

रमण पाहणार होता त्या सामन्याच्या सकाळी शरीफने खोबरेलाची बाटली काढली.

"लाकडाला तेल लागतंच," तो बायकोला, अमीरुन्निसाला म्हणाला. "बाप वल्ह्याला लावायचा. वल्हं कधी दगा देत नाय."

त्याने मला नखशिखांत माखलं, मुठीची पट्टीसुद्धा सोडली नाही. गाडीतल्या उन्हात तेल आत मुरलं. बर्फावर गेल्यावर मात्र ते गोठून पांढरं झालं आणि सनाच्या हातमोज्यांतून मी साबणाच्या वडीसारखी निसटू लागले. पहिला पास वाया गेला, दुसराही गेला. रमणने वहीत काहीतरी लिहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग समोरची मुलगी पक, म्हणजे आमच्या खेळातली रबरी चकती, घेऊन एकटीच सुटली, आणि नेमकी तेव्हाच मी सनाच्या हातातून उडाले.

सना मला उचलायला वाकली नाही. वाकली असती तर गोलची वाट मोकळी झाली असती. ती उलट्या पावली सरकत राहिली, नजर त्या मुलीच्या छातीवर ठेवून तिला कडेकडेला नेत राहिली. शेवटी गुडघा टेकून तिने पक नडगीवर झेलला. कडेच्या फळीशी पडल्या पडल्या मी सगळं पाहत होते. माझ्या सनाचा खेळ मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून पाहिला.

सामना संपल्यावर रमण शरीफला म्हणाला, "स्टिक गया, फिर भी लड़की अपनी जगह से नहीं हटी. मैं नाम आगे भेजता हूँ."

शरीफचा जीव भांड्यात पडला, पण त्याने विचारलंच, "अगो, स्टिक सुटली कशी?"

"ग्लव्हज लूज होते, अब्बा," सना म्हणाली.

घरी आल्यावर तिने मला न्हाणीत नेऊन साबणाने तीनदा धुतलं. मी तेलामुळे निसटले, हे तिने आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

चौथ्या फेरीत तिचं नाव लागलं. दुबईत नवी स्टिक मिळाली आणि मी दारामागे आले. चार वर्षं झाली. खोटं कशाला बोलू, फार आठवण येते तिची.

आता शरीफचा व्हिसा संपतोय. हर्णैला न्यायच्या खोक्यात मी मावत नाही. "कापा नायतर टाका," अमीरुन्निसा म्हणाली. काल शरीफ करवत घेऊन माझ्यापुढे कितीतरी वेळ बसला होता. मग त्याने सनाला फोन लावला.

"कापू नका अब्बा, तशीच न्या," सना म्हणाली. "आणि तेल लावून न्या हं. वल्ह्याला लावतात तसं."

शरीफ बाटली घेऊन आलाय. लाव बाबा, हवं तेवढं लाव. हर्णैला कुठे बर्फ आहे!