बंद घरावरची फुली

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. एका कडेची पट्टी निघाली, अंगावर पांढरट डाग पडले, तरी ऐट विचाराल तर अजून तशीच!

सुताराने मला शाळेसाठी घडवलं. शाळेला नवा फळा मिळाला तशी माझी रवानगी दवाखान्यात झाली, थेट डॉक्टरांच्या खुर्चीमागे. 'वैयक्तिक स्वच्छतेचे पालन करावे,' असं डॉक्टरांनी माझ्यावर लिहिलं. "काय सुरेख अक्षर!" असं जो तो म्हणायचा आणि मी फुशारून जायचो.

शेजारच्या कपाटात डॉक्टरांचा जाडजूड अहवाल होता. खालच्या गल्लीत घरोघर फिरून त्यांनी शोधून काढलं होतं, की गटाराजवळ पाण्याचा पाइप फुटलाय, म्हणून तिथल्या मुलांना जुलाब होतात. माणूस भला, पण अहवाल लिहिला की काम झालं, अशी त्यांची समजूत.

एके सकाळी इस्त्रीवालीने आपल्या लेकीला तिसऱ्यांदा आणलं. पोरीने मान टाकली होती.

"अगं, इतका उशीर?" नर्सताई सलाइन लावता लावता म्हणाल्या.

"लाज वाटते हो ताई. आलं की डॉक्टर त्या फळ्याकडे बोट दाखवतात. पाणी गाळते, हात धुते, आणखी काय करू?"

शरमेने मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

दुपारी पोरीने डोळे उघडले, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग नर्सताईंनी विचारलं, "डॉक्टर, अहवालातलं त्या गल्लीत कुणाला सांगितलंत?"

डॉक्टरांनी उठून मला खिळ्यावरून काढलं.

गल्लीतल्या नळापाशी नर्सताईंनी मला पुसून माझ्यावर गटार, पाइप आणि एकेक घर काढलं. ज्या घरी मूल आजारी पडलं, तिथे बायकांनी फुली मारायची. नऊ फुल्या झाल्या. नववी एका बंद घरावर शेजारणीने मारली.

"अगंबाई, सगळ्या फुल्या गटाराच्या पलीकडे, फुटक्या पाइपवरच्याच घरांवर की!" एक जण ओरडली.

"म्हणजे माझे हात घाण नव्हते..." इस्त्रीवालीला रडू फुटलं.

"नव्हते," डॉक्टर म्हणाले. "हे आधीच सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

बायकांनी मला उचलून थेट पाणीखात्यात नेलं. कारकून म्हणाला, "आधी अर्ज द्या."

"हा घ्या!" म्हणत त्यांनी मला टेबलावर आडवं केलं. पंधरा दिवसांत पाइप बदलला.

आता मी दवाखान्याच्या दाराबाहेर असतो, लहानांचाही हात पोचेल असा. मूल धडधाकट झालं तशी एकेक आई येऊन आपली फुली पुसून गेली. इस्त्रीवालीने तर लेकीच्याच तळहाताने पुसली.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही काहीबाही शोधून काढाल. ते ज्यांच्या घरचं असेल, त्यांना आधी सांगा, त्यांना कळेल असं सांगा. माझं अंगही खुशाल पुसा, नवं लिहा. पण बंद घरावरची तेवढी फुली राहू द्या. तिथलं लेकरू गेलं, तेव्हा अहवाल कपाटातच होता.