दिवेलागणीचे पाय

सरूबाईचा एक कायदा होता, आणि चिकलठाण्यातल्या त्या दोन खोल्यांत तो मोडायची कुणाची छाती नव्हती. डॉक्टरकडं जायचं तर आजारी माणसानंसुद्धा नीटनेटकं जायचं. नात श्रेया सहा वर्षांची. तिला आदल्या रात्री लवकर निजवायचं, सकाळी न्हाऊ घालायचं, तेल लावून दोन वेण्या, धुतलेला फ्रॉक, आणि वर रिक्षात मांडीवर घेऊन पुन्हा एक डुलकी काढायला लावायची. "मरगळलेलं लेकरू नेलं की डॉक्टर म्हणतो, ह्यांच्या घरात पोरीकडं लक्ष नाय," असं तिचं म्हणणं. आता घरच्या पोरीची इज्जत घरच्यांनी नाही राखायची तर कुणी? पण ह्यातच घोळ होता, आणि तो कळायला फार दिवस गेले.

श्रेयाच्या पायांची तऱ्हाच निराळी. सकाळी उठली की गल्लीभर हुंदडायची. दुपारनंतर चवड्यावर चालायला लागायची, मग डावा पाय आत वळायचा, आणि दिवेलागणीला तर पोर भिंत धरून, नाहीतर चक्क रांगत मोरीपर्यंत जायची. तिची आई करुणा रोज संध्याकाळी ते पाय चोळत बसायची. डॉक्टरांना सांगितलं तर ते समोरच्या टवटवीत पोरीला चालवून बघायचे आणि म्हणायचे, टाच थोडी उचलते, बाकी काही नाही. एकानं मेंदूचा फोटो काढायला लावला, तो स्वच्छ आला. दुसरा म्हणाला, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला असेल. तिसऱ्यानं दोन्ही टाचांच्या शिरा सैल करायचं ऑपरेशनच ठरवून टाकलं, दिवाळीनंतरचं. बापानं, म्हणजे बद्रीनाथनं, कंपनीत रजासुद्धा टाकली. करुणाचं मन मात्र काही केल्या घेईना. सकाळी ज्या टाचा नीट टेकतात त्या कापायच्या काहून, एवढंच ती विचारायची. 

म्हणून ऑपरेशनाआधी एकदा छावणीजवळच्या डॉ. मृण्मयी कस्तुरेंना दाखवायचं ठरलं. लेकरांच्या जन्मजात, घराण्यातून येणाऱ्या दुर्मीळ आजारांचा छडा लावणं हेच त्यांचं काम. सरूबाईनं नेहमीसारखं नातीला सजवलं, झोपवलं, सकाळचा नंबर लावला. आणि नेमकं त्याच दिवशी बाईंना एका अत्यवस्थ बाळासाठी दुसऱ्या दवाखान्यात पळावं लागलं. सकाळची दुपार झाली, दुपार कलली. बाकावर बसून बसून श्रेयाची पावडर उतरली, एक वेणी सुटली, फ्रॉकवर बिस्किटाचा चुरा सांडला. उन्हं उतरली तसा डावा पाय आत वळायला लागला, आणि इकडं सरूबाईचा पारा चढला.

"चल ऊठ, करुणा. उद्या सकाळी येऊ, नीट आवरून."

"आत्याबाई, एवढा दिवस गेला. आता थांबू."

"अशा अवतारात दाखवायची व्हय पोर? बघ, धड उभी राहीना ती."

करुणा आजवर सासूच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. पण त्या दिवशी ती बाकावरून हलली नाही. "मी रोज तिला अशीच बघते, आत्याबाई," ती म्हणाली. "डॉक्टरांनी एकदा तरी बघू द्या."

सरूबाईला राग आला तो आलाच. नातीचा हात धरून ती आपलेही पाय ओढत दाराकडं निघाली, आणि दोन पावलांत श्रेया कोलमडली. त्याच दारातून डॉक्टरबाई आत येत होत्या. खांद्यावरची पर्सही न उतरवता त्या फरशीवर बसल्या आणि पोरीचा वळलेला पाय हातात घेऊन बघत राहिल्या.

"सकाळी कसा असतो पाय?"

"सकाळी काहीच नसतं, मॅडम," सरूबाई गडबडीनं म्हणाली. "आज तुमच्यापायी उशीर झाला म्हणून. एरवी आम्ही झोपवून, आवरून आणतो. लेकरू कसं छान दिसतं."

"प्रत्येक डॉक्टरकडं झोपवूनच नेलंत?"

"मग? तशीच न्यायची?"

बाई हसल्या, पण टोचेल असं नाही. "आजी, दुखणं घरी ठेवून नुसतं लेकरूच नेत होतात तुम्ही."

मग त्यांनी श्रेयाला तपासायच्या पलंगावर निजवलं. दमलेली पोर लगेच झोपली. जागी झाली ती उतरून, टाच टेकवत, थेट पाण्याच्या माठापर्यंत चालत गेली. करुणानं तोंडाला पदर लावला.

बाईंनी समजावून सांगितलं ते असं. मेंदूत एक द्रव्य तयार होतं, त्याच्या जोरावर हातपाय आपलं ऐकतात. श्रेयाच्या मेंदूत ते कमी तयार होत असावं. झोपेत थोडं साठतं, दिवसभर खेळण्यात खर्च होतं, संध्याकाळी खडखडाट. जिच्या गल्लीत चार-सहा दिवसांनी नळ येतो तिला हे फोड करून सांगायला लागत नाही. करुणाला रिकामा ड्रमच डोळ्यांपुढं दिसला. कंपवाताच्या म्हाताऱ्यांना देतात ती गोळी अगदी थोडी देऊन बघायची, आणि रक्ताची जनुकीय तपासणी करून खात्री करायची. तोवर ऑपरेशनाचं नाव काढायचं नाही.

"घरात आणखी कुणाचे पाय संध्याकाळी असे होतात का?" बाईंनी विचारलं.

करुणा खाली बघायला लागली. सरूबाई मात्र सहज म्हणाली, "माझे वळतात की. पण ते काही दुखणं नाय. तो आळस हाय."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. देवगाव रंगारीला सून म्हणून आले तेव्हापासून. सकाळी शेतात मी गड्याला हार जायची नाय. पण दिवेलागणीला चुलीपुढं बसले की उठवायचं नाय. सासू म्हणायची, कामाच्या वेळेला बरे पाय मोडतात हिचे. आमच्या मालकांना पण तसंच वाटतं. मला बी वाटतं."

 बाईंनी श्रेयाबरोबर सरूबाईचंही रक्त घेतलं, आणि बद्रीनाथला बोलावून त्याचंही.

गोळी सुरू झाली. म्हाताऱ्यांची गोळी लेकराला, हा काय न्याय झाला, म्हणून सरूबाई कुरकुरत राहिली. पण थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी, करुणा भाकरी थापत असताना श्रेयानं चपला घातल्या आणि म्हणाली, मी दुकानातून गूळ आणते. आणि गेली. सरूबाई दारात उभी. पोर कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली, आणि परत आली ती पळत. सरूबाईला रडू फुटलं. निम्मा गूळ वाटेतच संपला होता, त्यावरून कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही.

तपासणीचा निकाल यायला बरेच दिवस लागले. त्या दिवशी सरूबाईचा नवरा सांडूही गावाहून दवाखान्यात आला होता. बाईंचा अंदाज खरा निघाला. जनुकातला तोच एक बिघाड श्रेयात, बद्रीनाथमध्ये आणि सरूबाईत सापडला. बद्रीनाथला त्याचा कधी त्रास झाला नव्हता; तसंही होतं, बायकांना हा जास्त छळतो. ऑपरेशन नको, गोळी चालू ठेवली की पोर शाळा, खेळ, सगळं करील. करुणानं डोळे मिटून घेतले. बद्रीनाथनं तिथूनच फोन लावून टाकलेली रजा मागं घेतली.

"म्हणजे माझ्यामुळं झालं," सरूबाई हळूच म्हणाली.

"तुमच्याकडून आलं, आजी. तुमच्यामुळं नाही. तुम्ही काय मागून घेतलं होतं? आता तुम्हालाही थोडी गोळी देऊन बघू."

गोळीचं तिच्या कानावरूनच गेलं. "मग मॅडम, माझा आळस?"

"आळस नव्हताच. पहिल्या दिवसापासून आजार होता."

सरूबाई पदराचं टोक पिळत बसली. सांडू खाकरला, आणि त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

"माझं गेलं ते गेलं," सरूबाई शेवटी म्हणाली. "पण ह्या पोरीला कुणी आळशी म्हणणार नाय ना आता? सासरी-बिसरी?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत सांडूच बोलला. "म्हणून तर बघू दे कुणी." मग तो बायकोकडं वळला. "सरू, मी लई…" 

"राहू द्या," ती म्हणाली.

बाहेर दिवे लागले होते. श्रेया पळत कधीच रिक्षापाशी पोचली होती. सरूबाई उठली तेव्हा तिचे दोन्ही पाय नेहमीसारखे वळले. एरवी ती लुगडं सारखं करत, सगळे पांगेपर्यंत बसून राहिली असती. आज तिनं सांडूच्या खांद्यावर हात ठेवला, आणि चारचौघांदेखत, वाकड्या पायांनी, सावकाश चालत बाहेर आली.