पायरीखाली कोण उभं आहे

सात नंबरच्या गाडीचं दार मावशींच्या हातात होतं. गाडी जुनी असल्यामुळे दाराला बटण नव्हतं. पहिल्या बाकाशेजारी एक लोखंडी दांडा होता. तो मागे ओढला की दार उघडायचं, पुढे ढकलला की बंद व्हायचं. मावशी सहा वर्षं तो दांडा ओढत आणि ढकलत होत्या. मुलं त्यांना मावशी म्हणायची, म्हणून ड्रायव्हर, शिपाई, मुख्याध्यापिका आणि वाहतुकीचा सुपरवायझर हेही मावशी म्हणत. सुपरवायझर त्यांच्या थोरल्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान होता.

दुपारच्या फेरीत शाळेकडून येताना शेवटून दुसरा थांबा गल्लीचा होता. बस हमरस्ता सोडून गल्लीत शिरायची, टोकाला पाण्याच्या टाकीपाशी वळायची आणि बाहेर येताना एकेका दारासमोर मुलं उतरवायची. बारा घरं, चौदा मुलं. जायला, वळायला आणि यायला मिळून अकरा मिनिटं लागत. सकाळीही तेवढीच.

ही अकरा मिनिटं औषधांच्या दुकानदाराने शोधून काढली. त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, हमरस्त्याला लागून होतं, आणि गल्लीतल्या पालकांचा फोनवरचा ग्रुप तोच चालवत असे. गाडी गल्लीत आणण्याऐवजी हमरस्त्यावर थांबवली तर काय वाचेल, हे त्याने नकाशावर मोजलं आणि ग्रुपवर टाकलं. संदेशाची पहिली ओळ होती, सोमवारपासून बस सकाळी अकरा मिनिटं उशिरा येईल. त्याखाली सात ओळी होत्या. त्यातल्या सहाव्या ओळीत लिहिलं होतं की दुपारी गाडी शाळेकडून येत असल्याने थांबा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला असेल.

अकरा घरांनी पहिली ओळ वाचून संमतीचा अंगठा पाठवला. शेवटचा अंगठा चौथ्या मिनिटाला आला. बारावं घर एका निवृत्त आजोबांचं. त्यांचा फोन दुरुस्तीला होता, म्हणून त्यांचं मत कोणाला कळलं नाही. शाळेने अकरा अंगठे छापून फायलीला लावले आणि वर लिहिलं, पालकांच्या मागणीवरून.

सोमवारी सकाळी काही अडलं नाही. प्रत्येक मूल कोणाचं तरी बोट धरून आलं, आणि सगळ्यांची झोप झालेली होती.

दुपारी दोन पन्नासला गाडी पलीकडच्या बाजूला थांबली. मध्ये चार पदरी रस्ता. पांढरे पट्टे तीनशे पावलं पुढे. गल्लीतली मोठी माणसं समोर, दुकानाच्या सावलीत उभी होती आणि हात हलवून मुलांना बोलावत होती. मावशी हात धरून पोरांना पलीकडे आणून सोडतील, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मावशींना उतरता येत नव्हतं. गाडीत पुढच्या थांब्याची नऊ मुलं बसलेली होती, आणि मुलं आत असताना मदतनिसाने गाडी सोडायची नाही, हा नियम त्यांना पहिल्या दिवशी सांगितला होता.

त्यांनी दार उघडलं. सगळ्यात पुढे भिंगरी होती. दुसरीतली. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव पडलं होतं आणि आता ते बाईंच्या तोंडीही बसलं होतं. औषधांच्या दुकानदाराची ती एकुलती एक मुलगी. पुढच्या काचेतून पलीकडे काउंटरवर बाबा दिसले, तशी तिने वरच्याच पायरीवरून उडी मारली आणि गाडीला पुढून वळसा घालून रस्त्याकडे धावली. मावशी तिच्यामागे झेपावल्या आणि त्यांच्या हातात दप्तराचा पट्टा सापडला. पट्टा शिवणीतून उसवला, पण उसवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एक टेम्पो तिच्या पुढून गेला. तिच्या वेणीची रिबन हलली. टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून मावशींच्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि तो निघून गेला. भिंगरी जमिनीवर बसली होती आणि हसत होती.

तिचे बाबा गिऱ्हाइकासाठी गोळ्यांच्या पट्ट्या कापत होते. त्यांनी काही पाहिलं नाही.

बाकीच्या मुलांना मावशींनी दारातच धरून ठेवलं. रस्ता रिकामा होईपर्यंत थांबल्या आणि ड्रायव्हरकाकांना गाडीपाशी उभं राहून हात आडवा करायला लावला. काकांना कमी बोलायची सवय होती. परत सीटवर बसताना ते एवढंच म्हणाले, की हे उद्या जमणार नाही.

संध्याकाळी मावशींनी गाडीच्या रजिस्टरमध्ये सगळं लिहिलं. वेळ, मुलीची इयत्ता, टेम्पो, पट्टा. सुपरवायझरने ते उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, लागलं तर नाही ना. नाही, म्हटल्यावर त्याने रजिस्टर मिटलं. पायरीपर्यंत आपण, पायरीखाली कुटुंब, असं तो म्हणाला, पुस्तिकेतच आहे.

मावशींनी पुस्तिका मागून घेतली. 'बस आणि कुटुंब', सोळा पानं. वर्षाच्या सुरुवातीला ती प्रत्येक घरी जात असे आणि प्रत्येक घरात कपाटावर पडत असे. मावशींनीही ती कधी वाचलेली नव्हती. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. सुपरवायझर म्हणत होता तो नियम नववा. तो त्याला अर्धाच पाठ होता. पूर्ण नियम असा होता: पायरीपर्यंत मुलाची जबाबदारी शाळेची, पायरीखाली कुटुंबाची, चौथीपर्यंतच्या मुलाला ओळखपत्र दाखवणाऱ्या मोठ्या माणसाच्या हाती पायरीपाशीच सोपवावे.

ओळखपत्रं छापलेली होती. सहा वर्षांत मावशींनी ती एकदाही मागितली नव्हती. दारात उतरवायचं, दार ओळखीचं, दारातलं माणूस ओळखीचं, मग कार्ड कशाला पाहायचं. ही आपली चूक, असं त्यांनी रजिस्टरमध्ये खाली एका ओळीत लिहिलं. गल्लीतली चौदाही मुलं चौथीच्या आतली होती.

मंगळवारी दोन पन्नासला गाडी थांबली. दार उघडलं नाही.

काकांनी आरशात पाहिलं. मावशी दांड्याला पाठ लावून उभ्या होत्या. समोरच्या सावलीतली माणसं आधी हात हलवत होती, मग हातवारे करू लागली. गाडीच्या अलीकडे फक्त एक माणूस उभा होता, बाराव्या घरचे आजोबा. त्यांच्याकडे फोन नव्हता, म्हणून त्यांनी शाळेच्या फाटकावर लावलेला कागद वाचला होता, सगळा. अडीचलाच ते पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडून आले होते. गळ्यात ओळखपत्र होतं. मावशींनी दार उघडलं, त्यांचा नातू त्यांच्या हातात दिला, दार लावलं.

मग एकेक करून बाकीचे आले. कोणी चपला सांभाळत, कोणी धाकट्याला कडेवर घेऊन. ओळखपत्र चौघांकडेच निघालं. बाकीच्यांना मावशींनी परत पाठवलं नाही, नाव आणि सही रजिस्टरमध्ये घेतली, आणि उद्यापासून कार्ड असल्याशिवाय मूल मिळणार नाही असं सांगितलं. एका आईने विचारलं, मी याची आई आहे हे तुम्हाला सहा वर्षं माहीत आहे ना. मावशी म्हणाल्या, मला माहीत आहे, पण उद्या मी आजारी पडले तर दुसरीला कसं माहीत असणार. भिंगरीला शेजारीण घेऊन गेली. गाडी नऊ मिनिटं थांबली होती.

बुधवारी बारा मिनिटं. त्या रात्री ग्रुपवर मावशींचा उद्धार झाला. आपण म्हणजे कलेक्टर असं त्यांना वाटतं, असं कोणीतरी लिहिलं आणि त्यावर सात अंगठे आले. औषधांच्या दुकानदाराने सुपरवायझरला फोन करून सांगितलं की दुपारी तीनच्या सुमाराला दुकानात गर्दी असते, बायको दवाखान्यात ड्युटीवर असते, आणि रोज शटर ओढून पोरीला आणायला जाणं परवडणारं नाही. बस शाळेची आहे की त्या बाईंची, असंही त्याने विचारलं.

गुरुवारी बाकीची मुलं पाच मिनिटांत गेली. लोकांनी कार्डं शोधून काढली होती. भिंगरी एकटी राहिली. शेजारीण गावाला गेली होती. समोर तिचे बाबा दुकानाच्या पायरीवर उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत होते, सोडा, मी बघतोय.

गाडीच्या मागे रांग लागली. हॉर्न सुरू झाले. काकांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. मावशींचा फोन वाजला. सुपरवायझर होता. गाडी आठ मिनिटं उभी असल्याचं त्याला त्याच्या पडद्यावर दिसत होतं. बाप समोर उभा आहे, त्याने स्वतः मला आत्ता फोन केला, दार उघडा, असं तो म्हणाला.

"समोर नाही, सर. पलीकडे. पायरीखाली कोणीच नाही."

"मावशी, पायरीखाली आपली जबाबदारीच नाही. किती वेळा सांगू?"

"तेच मी म्हणते. पायरीखाली कुटुंबाची. मग कुटुंब आणा पायरीखाली. नसेल तर मूल पायरीवरच राहील, आणि पायरीवर ते माझं."

सुपरवायझर म्हणाला की हा हुकूम आहे. मावशी म्हणाल्या, लेखी पाठवा, खाली तुमचं नाव घाला, मी लगेच उघडते. फोन बंद झाला. लेखी काही आलं नाही.

पलीकडे दुकानदाराने शटर अर्धं ओढलं आणि तो रस्त्यावर उतरला. पहिल्यांदा तो एक पदर ओलांडून गेला आणि मागे फिरला. दुसऱ्यांदा रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या पट्टीवर अडकला. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या. तो हात अंगाशी घट्ट धरून, पोट आत घेऊन उभा होता. भिंगरी खिडकीला नाक लावून पाहत होती. "बाबांना पळता येत नाही," ती म्हणाली. काका बऱ्याच दिवसांनी हसले.

चार मिनिटांनी तो दारापाशी पोहोचला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मावशींनी दाराची काच सरकवली.

"ओळखपत्र?"

त्याने खिसे चाचपले. ओळखपत्र दुकानात, गल्ल्याच्या खणात होतं.

"मावशी, मी तिचा बाप आहे."

"हो, पण तेवढ्यावर देता येत नाही. घेऊन या."

"परत? हा रस्ता परत ओलांडू?"

"सोमवारपासून रोज ती ओलांडणार होती," मावशी म्हणाल्या. "तुम्ही पांढऱ्या पट्ट्यांवरून जा. आम्ही आहोत इथेच."

मागच्या गाडीवाल्याने काही ऐकवलं. दुकानदार तीनशे पावलं गेला, रस्ता ओलांडून तीनशे पावलं मागे आला. मग तसाच परत. यायला-जायला साडेनऊ मिनिटं लागली. तोवर त्याचा राग उतरला नव्हता, पण श्वास संपला होता. त्याने कार्ड काचेला टेकवलं. मावशींनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला आणि दांडा ओढला. भिंगरी उतरली. तिच्या दप्तराचा एक पट्टा जाड काळ्या दोऱ्याने शिवलेला होता.

"हा तुम्ही शिवलात?" मावशींनी विचारलं.

तो म्हणाला, बायकोने शिवला. नवं दप्तर आठवड्यात फाडलं म्हणून पोरीला ओरडा बसला होता.

"तिने नाही फाडलं. सोमवारी माझ्या हातात फाटलं."

मग त्यांनी त्याला सोमवारचं सांगितलं, जेवढं रजिस्टरमध्ये होतं तेवढंच. उडी, पट्टा, टेम्पो. बोलताना त्यांनी आवाज चढवला नाही. दुकानदाराने मुलीचा हात मनगटापाशी धरला होता, तो वर दंडापर्यंत नेला. मला कोणी सांगितलं नाही, असं तो म्हणाला. मावशी म्हणाल्या, सोमवारीच लिहून दिलंय, कोणाला दिलं तेही लिहिलंय. नंतर तो आणि भिंगरी पांढऱ्या पट्ट्यांच्या दिशेने चालत गेले. ती उड्या मारत होती, पण हात सुटत नव्हता.

शुक्रवारी सुपरवायझर नोटीस घेऊन गाडीतळावर आला. चार दिवसांत वेळापत्रक बिघडवलं, वरिष्ठांचा आदेश मानला नाही, चूक मान्य आहे, असा मजकूर होता आणि खाली सहीची रेघ. सही केली तर ताकीद देऊन प्रकरण मिटेल. नाही केली तर सोमवारपासून सात नंबरवर दुसरी बाई.

"सही करून टाका मावशी. विषय संपेल."

"तो संपू नये म्हणूनच करत नाही."

त्यांनी नोटीस घेतली, मजकूर वाचला आणि सहीच्या रेघेच्या वर आपल्या अक्षरात नववा नियम पूर्ण लिहिला, स्वल्पविरामांसकट. खाली सही केली नाही. कागद परत दिला आणि दुसरी जी कोणी येईल तिला हे आधी वाचायला द्या, असं सांगितलं.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर दुकानदाराचा संदेश आला. या वेळी पहिली ओळ होती, सोमवारी माझी मुलगी टेम्पोखाली जाता जाता वाचली. दुसरी ओळ, बस गल्लीतच यावी, सकाळी अकरा मिनिटं लवकर उठू. तिसरी ओळ नव्हती. अंगठे यायला रात्र लागली. एका घराने विचारलं की सकाळी रस्त्यावर आणि दुपारी गल्लीत, असं नाही का होणार. त्याला आजोबांनी, फोन दुरुस्त होऊन आल्यावर, पहिलाच संदेश पाठवला: उठा. शनिवारी दुपारपर्यंत बारा अंगठे झाले. ते छापून दुकानदार स्वतः शाळेत घेऊन गेला, आणि फायलीतले जुने अकरा बाहेर काढायला लावले. मावशींची नोटीसही बाहेर काढा, असं त्याने म्हणून पाहिलं. ती निघाली नाही. तो शाळेचा अंतर्गत प्रश्न होता.

सोमवारी सात नंबरवर मावशीच होत्या. दुसरी बाई मिळाली नव्हती. जिला विचारलं तिने आधी कागद वाचायला मागितला होता. दुपारी गाडी गल्लीत शिरली, टाकीपाशी वळली. भिंगरीचे बाबा दुकान सोडून घराच्या दारात, पायरीला लागून उभे होते. मावशींनी दांड्यावर हात ठेवला आणि काचेतून पाहिलं. बाबांनी शर्टाच्या आतून गळ्यातलं कार्ड बाहेर काढलं.

संध्याकाळी सुपरवायझरने नोटीस पुन्हा पुढे केली. मावशींनी ती रजिस्टरमध्ये मागच्या सोमवारच्या पानाला टाचणीने लावली.