दहा नंबरची स्क्रिप्ट

मी एक स्क्रिप्ट बोलतेय, कॉम्प्युटरला दिलेल्या चाळीस ओळींच्या सूचनांची. कॉम्प्युटर सुरू होताना नेटवर्क जोडायचं, बंद होताना तोडायचं, एवढंच माझं काम. तरी छातीठोकपणे काही सांगायचा धीर आजही होत नाही.

२००४ साली दवनीवाड्याच्या एका दवाखान्यात गोवर्धन सरांनी मला लिहिलं. फिजिक्समध्ये पीएचडी झालेले, कॉलेजातून निवृत्त होऊन इथले कॉम्प्युटर सांभाळायचे. एक ओळ लिहून तीनदा वाचायचे. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीत आम्हा स्क्रिप्टांना क्रमांक असतात. लहान क्रमांकाची आधी चालते. सरांनी मला सुरू होताना दहावा क्रमांक दिला. बंद होतानाही दहावाच.

दवाखान्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होई. अल्का दिवसभर अहवाल टाइप करी. पुढे सरांनी आणखी एक स्क्रिप्ट लिहिली. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद होताना तिनं अहवाल डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर पाठवायचे आणि इकडची प्रत पुसायची. तिचा क्रमांक नव्वद. म्हणजे मी आधीच नेटवर्क तोडून मोकळी. मागून ती अहवाल पाठवायला जाई, ते कुठंच पोचत नसत, आणि इथली प्रत मात्र पुसली जाई. पडद्यावर माझ्या नावापुढे हिरवं 'ओके' उमटे. माझं काम खरंच चोख झालेलं असे, म्हणून कुणी माझ्याकडे पाहतच नसे.

सगळ्यांचेच अहवाल हरवत होते. पार्वताबाई नातीच्या अहवालासाठी खेपा घालत होत्या. रीनाचे हातपाय सुजत. दोनदा रक्त काढलं, दोनदा अहवाल गडप. आणखी एक हरवला तर कामावर येऊ नको, असं डॉक्टरांनी अल्काला बजावलं.

तिसऱ्यांदा सुई पाहून रीना आजीच्या लुगड्यात शिरली.

"काऊन वं," पार्वताबाई अल्काला म्हणाल्या, "पोरीचं रगत पिऊन राहिली का तू?"

अल्का मान खाली घालून टाइप करत राहिली. सर खुर्चीत आक्रसले. चूक आपलीच असणार, पण कुठं?

संध्याकाळ झाली तरी ते बसूनच. झाडझूड करणारी शामकला किल्ल्या घेऊन उभी होती. सरांनी तिला घरी जायला सांगितलं.

"मी कशी जाऊ जी? सकारी जे बाई कुलूप उघडते, थेच सांजेला सगळ्याइच्या मांगं जाते."

सर ताठ बसले: सकाळी आधी येणारी मी संध्याकाळीही सगळ्यांच्या आधीच निघून जात होते. मग त्यांनी मला उघडलं आणि बंद होतानाचा दहा खोडून पंच्याण्णव केला. तीनदा वाचला.

सकाळी अहवाल पोचला होता. रीनाला सिकलसेल होता. औषध सुरू झालं. सर पार्वताबाईंना म्हणाले, "अल्काची चूक नव्हती. माझी होती."

"मंग तिले सांगा ना. मले काय सांगता?"

सरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी अल्का कामावर आली.

पुढे नवे कॉम्प्युटर आले. त्यांचा क्रम वेगळीच व्यवस्था लावते. मी जुन्या फोल्डरमध्ये पडून आहे. रीना आता मोठी झाली असेल, तिच्या तपासण्या चालूच असतील. तिचे अहवाल नीट पोचतात ना? मला आता कुणी चालवत नाही. तुम्ही तेवढं एकदा बघाल का?