क्यू, व्ही, झेड

आमच्या घरात भांडी कोणी घासायची हे इंग्रजी शब्दांवर ठरतं. बिस्किटांच्या जुन्या डब्यात लाकडी अक्षरं आहेत. एकानं हात घालून दोन-तीन काढायची आणि दुसऱ्यानं ती सगळी ज्यात येतात असा लांबलचक शब्द अर्थासकट सांगायचा. पटलं नाही तर ‘शंका’ म्हणायचं. मग शब्दकोश उघडतो. शब्द सापडला तर शंका काढणाऱ्याला आठवडाभर भांडी, नाही सापडला तर सांगणाऱ्याला.

माझा नवरा या खेळात कधी हरला नाही. जे आणि एक्स निघाले की ‘जक्स्टापोझिशन’, दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडणं. क्यू आणि झेड निघाले की ‘सोलिलोक्वाइझ’, आपल्याशीच मोठ्यानं बोलणं. वर “हे तुला छान जमतं” असा शेरा. हा माणूस इस्पितळात दिवसभर लोकांना भूल देतो आणि घरी येऊन माझी झोप उडवतो, असं मी पाहुण्यांना सांगायचे. हरून हरून हात इतके खरखरीत झाले की पुढे मी शंका काढायचंच सोडून दिलं.

त्या दिवशी माझी धाकटी बहीण मुक्कामाला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं आणि भूल हेच देणार होते. “घरचं माणूस उशाशी असताना मला कसली भीती,” असं ती भेटेल त्याला सांगत होती, म्हणजे चांगलीच घाबरली होती. तिचं मन रमावं म्हणून जेवणं लवकर उरकून मी डबा काढला.

तिनं हात घातला. क्यू, व्ही, झेड.

“हे काही व्हायचं नाही,” मी म्हटलं. “परत काढ.”

“क्वेझोव्हेलेशन,” हे म्हणाले. क्षणभरही थांबले नाहीत. “ढवळलेलं पाणी निवळल्यावर तळाशी जे उरतं ते.”

“भावोजी, मानलं तुम्हाला,” बहीण म्हणाली.

मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि फोनवर तो शब्द शोधला. काहीच निघालं नाही. एक-दोन अक्षरं इकडची तिकडे करून पाहिली, तरी नाही. थट्टा करत असतील, मी मनाची समजूत घातली. पण हा माणूस माझी थट्टा करेल, शब्दांची कधी करत नाही.

परत आले आणि न बघितल्यासारखं करून डब्यातून मुद्दाम जे आणि एक्स काढले. ‘जक्स्टापोझिशन’ त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी आला असता.

“जेक्समोरिटी,” हे म्हणाले. “वारशात मिळालेला थकवा.”

मी डब्याचं झाकण लावून टाकलं. बहीण मात्र रंगात आली होती.

“भावोजी, उद्या मला काय काय टोचणार ते तरी सांगा.”

“आधी फेंटानिल, मग प्रोपोफॉल.” हे बोटांवर मोजत होते. “आणि मग क्वाझिव्हरोल, तुझ्या वजनाच्या हिशेबानं.”

पहिली दोन नावं त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातून इतकी कानांवर पडली होती की शेजाऱ्यांच्या नावांसारखी पाठ झाली होती. तिसरं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

“यातही तिन्ही अक्षरं आली की,” बहीण हसत म्हणाली.

“शंका,” मी म्हटलं.

“कशावर?”

“पहिल्या शब्दावर.”

हे खूश झाले. किती दिवसांनी कोणी तरी शंका काढली होती. चष्मा पुसला, जाडजूड शब्दकोश टेबलावर आणून ठेवला, क्यूचं पान काढलं. बोट ओळीओळीनं खाली सरकत गेलं आणि दोन शब्दांच्या मधल्या पांढऱ्या जागेवर थांबलं.

“क्वेझोव्हेलेशन,” त्यांनी वाचलं. “नाम. ढवळलेलं पाणी निवळल्यावर तळाशी जे उरतं ते.”

पाठ म्हणत नव्हते, खरंच वाचत होते. डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते. बहीण त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आठवडाभर भांडी,” हे म्हणाले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि झोपायला गेले. सकाळी लवकर निघायचं होतं.

मी नळ सोडला. बहीण मागे येऊन उभी राहिली.

“ताई, तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.”

“बघितलं मी.”

“डोळे थकले असतील का गं त्यांचे?”

“असतील.”

इक्विव्होकेट, हो की नाही ते कळू न देता बोलणं. हाही त्यांनीच शिकवलेला शब्द. मला भीती वाटत होती, आणि ती तोंडानं बोलून खरी करायची नव्हती.

सकाळी हे बॅग घेऊन बाहेर आले तेव्हा बहीण टेबलाशी बसून दूध आणि ब्रेड खात होती. मी तिला उठवून बसवलं होतं.

“हे काय? हिला उपाशी राहायचं होतं,” हे म्हणाले. “आता मला भूल देता येणार नाही.”

“म्हणूनच दिलं.”

त्यांचं बोलणं अगदी बरोबर होतं, आणि त्यामुळे क्षणभर मलाच वाटलं, आपण उगाच घाबरलो.

“ठीक आहे, हिचं पुढच्या आठवड्यात घेऊ,” हे खुर्चीवर बसत म्हणाले आणि बूट घालू लागले. “बाकीचे पेशंट खोळंबलेत.”

बाकीचे. रात्रभर मी फक्त माझ्या बहिणीचा विचार केला होता. ते लोकही या वेळी कुठं तरी उपाशीपोटी पडून ह्यांची वाट बघत होते. माझी मलाच लाज वाटली. मी ह्यांच्यासमोरच फोन उचलला आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनबाईंना लावला.

“बाई, आज ह्यांना कुणालाही भूल देऊ देऊ नका.”

त्यांनी कारण विचारलं.

“मला शंका आहे,” मी म्हटलं. “काल औषधांची नावं सांगताना एक असं सांगितलं की जे नाहीच, मी रात्री शोधून पाहिलं. तुम्ही दुसरं माणूस बोलवा, मी ह्यांना तपासायला घेऊन येते.”

ह्यांचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. ओरडतील असं वाटलं होतं. ते उठले, एका बुटाची नाडी तशीच सुटी, आणि टेबलापाशी गेले. शब्दकोश अजून उघडाच होता. वाकून त्यांनी पुन्हा ओळीओळीनं बोट खाली नेलं.

“तो शब्द इथं नाही ना?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“नाही.”

“मला दिसतोय,” हे म्हणाले, आणि पांढऱ्या जागेवर ठेवलेलं बोट त्यांना उचलवेना.