आत्याला वगळलेला खर्डा

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या त्या तरुणाला दिवसभरात एकच प्रश्न विचारावा लागे, आणि तेवढा प्रश्न विचारण्यापुरताच आवाज त्याला मिळाला आहे, असे त्याची आत्या म्हणे. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड चौकट बसवायची, एक भिंग काढून दुसरे घालायचे आणि हळूच म्हणायचे, "आधीचं स्पष्ट होतं, की हे?" गिऱ्हाईक काहीतरी उत्तर देई आणि काम पुढे सरके. घरी मात्र ह्याच प्रश्नाने त्याचा पिच्छा पुरवला होता. कित्येक वर्षे तो एक कादंबरी लिहीत होता. तिचे प्रत्येक वाक्य तो भिंगासारखे बदलून पाही, आणि समोर उत्तर देणारे कोणी नसे.

त्याची लिहिण्याची तऱ्हाही जगावेगळी होती. खर्डा सुधारायचा म्हणजे खाडाखोड करायची, हे त्याला मान्यच नव्हते. जुना खर्डा तो पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कॉटखाली सरकवी आणि कोऱ्या कागदावर पहिल्या वाक्यापासून सबंध कादंबरी नव्याने लिहून काढी, तीही आठवणीतून. जे आठवत नाही ते ठेवण्याच्या लायकीचे नव्हते, असा त्याचा साधा विश्वास होता.

"एकच गोष्ट किती वेळा लिहिशील रे?" केर काढताना झाडू खोक्यांवर आपटला की आई म्हणे. "लोक एकदा लिहून मोकळे होतात."

"लोकांना पहिल्यांदा जमतं, आई."

"मग तूही पहिल्यांदाच जमव की! माझी कंबर तरी वाचेल."

कादंबरी होती एका कुटुंबाची. बाप घर सोडून गेला आहे, आणि उरलेली माणसे तो गेलाच नाही अशा थाटात रोज जेवायला बसतात, एवढीच तिची हकीकत. पहिल्या खर्ड्यात त्या घरात एक आत्याही होती. ती त्याने कुठून आणली हे वेगळे सांगायला नको.

त्याच्या आत्याचे सारे आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले होते. लग्न केले नाही, भावाच्या घरी राहिली, आणि भाऊ वारल्यावर वहिनीशी भांडत-भांडत त्याच घरात मुरली. निवृत्त होऊनही तिचा आवाज निवृत्त झाला नव्हता. स्वयंपाकघरातून बोलली तरी पलीकडच्या इमारतीतल्या माणसाला आपल्यालाच हाक मारली असे वाटे. तो शाळकरी असताना एका दुपारी लवकर घरी आला, तेव्हा त्याला ती बाहेरच्या खोलीत पाठमोरी दिसली. घरचा फोन तेव्हा आठवडाभर बंद पडला होता. आत्या तोच बंद फोन कानाला लावून मंजूळ स्वरात म्हणत होती, "नमस्कार, कोणता नंबर हवाय आपल्याला? थांबा हं, जोडून देते." तिचे खांदे हलत होते. तो पाऊल न वाजवता परत जिन्यात जाऊन बसला. ते हलणारे खांदे पुढे कितीतरी वर्षे त्याच्या मनात घर करून राहिले.

पहिल्या खर्ड्यात त्याने ती दुपार जशीच्या तशी लिहिली: मुक्या फोनवर रडणारी एकटी बाई. लिहून झाल्यावर त्याचेच डोळे भरून आले, आणि पाठोपाठ शंका आली. उद्या हे पुस्तक आत्याने वाचले तर? जिने आपल्याला न्हाऊमाखू घातले, तिचे एकटेपण आपण चव्हाट्यावर मांडायचे? दुसऱ्या खर्ड्यात त्याने ती दुपार गाळली. तिसऱ्यात आत्याच गाळली. चौथा खर्डा अगदी नितळ उतरला असे त्याला वाटले, आणि तो घेऊन तो प्रकाशकांकडे गेला.

प्रकाशन संस्था म्हणजे छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. खालची यंत्रे सुरू झाली की टेबलावरच्या पेन्सिली आपोआप सरकत. संपादिका वयाने मोठ्या, बोलायला सडेतोड. नव्या लेखकाला त्या आधी चहा देत आणि मग धक्का देत. त्याचा चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारले, "ह्या घरात माणसं किती आहेत?"

"चार," तो म्हणाला.

"मग बापाचा कप सोडूनही चहाचे कप पाच का?"

त्याने कप खाली ठेवला.

"सहाव्या प्रकरणात फोन वाजतो. आई ओट्याशी, मुलं शाळेत, आजोबा झोपलेले. तरी फोन उचलला जातो. कोणी उचलला? पुढे आजोबा म्हणतात, 'हळू बोल गं, कान फाटले.' कोणाला म्हणतात? त्या आईला? ती बिचारी अख्ख्या पुस्तकात कुजबुजतेय." बाईंनी हस्तलिखित मिटले. "अहो, तुमच्या कादंबरीत कोणीतरी राहतंय आणि सगळे तिला वळसा घालून चालताहेत. मला बापाच्या जाण्याचं दुःख व्हायला हवं, तर मी त्या न दिसणाऱ्या बाईला शोधत बसले."

त्याचे कान तापले. आठवणीतून लिहिण्याची किंमत आता कळत होती. त्याने आत्याला कागदावरून काढले होते, हाताला मात्र ते सांगायचे राहून गेले होते.

"तिला आत आणा, नाहीतर नीट निरोप देऊन घालवा," बाई म्हणाल्या. "मी आणखी एकदा वाचीन. त्यानंतर मात्र मला जमणार नाही, हे आत्ताच सांगते. अशी अर्धवट पुसलेली कादंबरी मी छापणार नाही."

घरी आला तेव्हा आत्या दारातच उभी होती. गेले काही महिने ती त्याच्याशी तुटक बोलत होती. गुडघे दुखत असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"काय म्हणाल्या बाई?"

"परत लिहायला सांगितलंय."

"बरं झालं! चांगली खोड मोडली."

"आत्या, असं काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू? पहिल्यात मी होते. दुसऱ्यात अर्धीमुर्धी होते. तिसऱ्यात मेले की काय म्हणून मी पानन् पान उलटं करून शोधलं! मेले असते तरी चाललं असतं रे. निदान चार माणसं रडली असती. पण नुसतीच गायब? जशी काही जन्मालाच आले नव्हते!"

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. "तू वाचलेस? सगळे?"

"तू दुकानात गेल्यावर मी काय भिंतीशी बोलू? कॉटखाली खोकी ठेवतोस आणि वर विचारतोस वाचलेस का." ती खुर्चीत धपकन बसली. "वहिनीला पाच प्रकरणं, त्या आजोबाला तीन, आणि ज्या आत्यानं तुला बोलायला शिकवलं तिला नारळ दिलास. तुला बोलता येत नाही हा माझा दोष म्हणून, का?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मी कुजबुजते म्हणे पुस्तकात! वाचून दाखवलंय हिनं मला. मी कधी कुजबुजले गं?"

"तू मध्ये बोलू नकोस, माझं चाललंय!" आत्या ओरडली.

त्याने सगळा धीर एकवटला. "मला वाटलं, तुला वाईट वाटेल. ती दुपार... तू फोनवर रडत होतीस ती."

आत्या त्याच्याकडे वळली. मग तिचे खांदे हलू लागले, अगदी तसेच. आणि ह्या वेळी तो समोर होता म्हणून त्याला तिचा चेहराही दिसला. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"अरे गाढवा! मी रडेन कशाला? मजा करत होते मी! जन्मभर लोक सांगतील त्या नंबरला जोडून दिलं. त्या दिवशी म्हटलं, आता आपल्या मनानं जोडू. आमच्या साहेबाला त्याच्या सासूशी जोडून दिलं. तुझ्या आईला तिच्या रुसलेल्या बहिणीशी जोडून दिलं. दोन्हीकडचं मीच बोलत होते. हसून हसून पोट दुखलं माझं. आणि तू लिहिलंस, 'तिचा हुंदका त्या निर्जीव यंत्रात विरून गेला'! मी वाचलं आणि म्हटलं, कोण ही रडूबाई?"

तो खाली बसला. इतकी वर्षे आपण एका बाईच्या पाठीवरून तिचा चेहरा लिहीत होतो, हे त्याला उमगले. आपल्या आतला अंधार आपण तिच्या अंगावर पांघरला आणि मग त्या अंधाराचीच दया येऊन तिला बाहेर काढले. लाज वाटायला हवी होती. पण छातीवरचा दगड कोणी उचलून नेल्यासारखे त्याला हलके वाटू लागले.

पाचवा खर्डा त्याने पुन्हा पहिल्या वाक्यापासून लिहिला. फरक एवढाच, की ह्या वेळी तो आठवणीवर विसंबला नाही. अडले की विचारी. "साहेबाची सासू काय म्हणाली?" आत्या उत्तर देई, आई त्यात दुरुस्ती करी, दोघींची जुंपे, आणि तो भराभर लिहून घेई. ज्या घरात बापाचे नाव निघत नसे, तिथे कादंबरीतली आत्या बंद फोनवरून त्या परागंदा बापाला त्याच्या बायकोशी जोडून देऊ लागली. दोन्हीकडचे तीच बोले, खो-खो हसे. आणि दाराआड उभा असलेला मुलगा पहिल्यांदा समजून चुके की वडील गेले आहेत. दुःख तिथेच होते. फक्त ते आता हुंदक्याचे सोंग घेऊन येत नव्हते.

संपादिकांनी तो खर्डा वाचून त्याला बोलावले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "आता घर भरलं," त्या म्हणाल्या. "कादंबरी घ्यायची, हे माझ्या मनानं ठरवलंय. एकच गोष्ट करा. तो फोनचा प्रसंग. हसून झाल्यावर शेवटी तिला रडू द्या. दोनच ओळी. वाचक तिथं रडायला तयार बसलेला असतो, त्याला उपाशी परत पाठवू नका."

पूर्वीचा तो असता तर मान डोलावून उठला असता. बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शिवाय दोन ओळींसाठी हातातोंडाशी आलेले पुस्तक कोण घालवील? खाली यंत्र सुरू झाले. टेबलावरची पेन्सिल घरंगळू लागली. त्याने ती धरली आणि म्हणाला,

"नाही."

आवाज बाहेर पडला तो यंत्राच्या वरचढ. बाई चमकल्या. त्याला स्वतःलाही तो आपला वाटला नाही.

"ती रडणार नाही, बाई. रडली असं मी एकदा लिहिलं होतं, ते खोटं होतं. त्या खोट्यापायीच तिला मी दोन खर्डे घराबाहेर ठेवलं. वाचकाला रडायचं असेल तर त्यानं त्या मुलासाठी रडावं. आत्या हसेल. ती हसली म्हणूनच मुलगा मोठा होतो. ते तुम्हाला पटत नसेल तर..." वाक्य त्याने अर्धे सोडले नाही. "तर मी हे परत घेऊन जाईन."

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. ते पान पुन्हा वाचले, सावकाश, ओठ हलवत. मध्येच त्यांना हसू फुटले, आणि ते आवरता आवरता त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात छपाईला घेऊ. आणि ऐका, माझ्यापुढे असं 'नाही' म्हणणाऱ्या लेखकाची मी केव्हाची वाट पाहत होते. मात्र सवय लावून घेऊ नका."

तो घरापर्यंत चालत आला, वाटेत भेटलेल्या प्रत्येकाकडे मान वर करून बघत. आत्या गच्चीत कपडे वाळत घालत होती.

"कापलं का मला?"

"एक ओळसुद्धा नाही."

आत्याने हातातली चादर तशीच दोरीवर टाकली, कठड्याशी गेली आणि समोरच्या साऱ्या खिडक्यांना उद्देशून म्हणाली, "ऐकलंत का हो? आमच्या मुलाचं पुस्तक येतंय! आणि त्यात मी आहे!"

एक खिडकी उघडली, मग दुसरी. कोणीतरी विचारले, "कोणाचं पुस्तक?" असा प्रसंग आला की तो एरवी जिन्याकडे धावे. आज तो आत्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझं."